चामड्याची सॅक घेताना आधी बंदाचा जोड पाहा

वाचकाचं पत्र

ताई, मी शाळेत शिकवते. लॅपटॉप, वह्यांचा गठ्ठा, पाण्याची बाटली आणि छत्री असं सगळं रोज पाठीवर असतं. याआधी लेदरच्या म्हणून दोन सॅक घेतल्या. पहिलीचे दोन वर्षांत पापुद्रे निघाले, आणि ती तर निम्मा काळ कपाटातच होती. दुसरीचं चामडं अजून छान आहे, पण एका खांद्याचा बंद मुळासकट उपटून आला. आता तिसरी घ्यायची तर दहा वर्षं तरी बघायला नको, अशी इच्छा आहे. तीन पसंत पडल्यात. एक चकचकीत, सगळ्यात स्वस्त, तिच्यावर ‘शंभर टक्के अस्सल लेदर’ असा शिक्का आहे. दुसरी हातानं शिवलेली, वनस्पतींनी कमावलेल्या जाड चामड्याची, दिसायला फार देखणी. पण रिकामीच अडीच किलो भरते. तिसरी मऊ चामड्याची, मशीनवर शिवलेली, दीड किलोची. ‘हे क्रोमचं आहे, टिकणार नाही’ असं तिच्याबद्दल एकानं सांगितलं. माझा डावा खांदा अधूनमधून दुखतो. कोणती घेऊ?

— एक शिक्षिका

उत्तर

नमस्कार,

तुमची दुसरी सॅक मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. पहिलीच्या बाबतीत फसवणूक झाली, आणि तशी फसवणूक ओळखणं फार अवघड नाही. दुसरीचं चामडं मात्र खरं होतं, चांगलं होतं, आणि तरीही ती कामातून गेली. सॅक घेताना आपण सगळे चामड्याकडेच बघतो. हात फिरवतो, वास घेतो, रंग न्याहाळतो. पण चामडं मधोमध फाटलं म्हणून सॅक टाकून दिली असं फारसं होत नाही. ती जाते बंदाच्या जोडापाशी, तळाच्या कोपऱ्यांवर किंवा चेनमुळे. म्हणून चामड्याबद्दल लागेल तेवढंच सांगते आणि जोडांबद्दल सविस्तर.

आधी पहिल्या सॅकचं. कपाटात असूनही तिचे पापुद्रे कसे निघाले याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. कापडावर, किंवा चामड्याचे तुकडे भरडून चिकट द्रव्यानं बांधलेल्या तक्त्यावर, पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर चढवून असा पापुद्रे निघणारा माल तयार होतो. या कामाला वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉलियुरेथेनचं हवेतल्या ओलाव्यामुळे हळूहळू विघटन होत राहतं आणि उष्ण, दमट हवेत त्याचा वेग वाढतो. वापराशी त्याचा फारसा संबंध नसतो. कपाट कोंदट असेल तर जपून ठेवूनही काही वाचत नाही. एकदा आवरण सुटायला लागलं की कुठलंही क्रीम किंवा पॉलिश ते थांबवू शकत नाही, तेव्हा तुमच्या हातून काळजी घेण्यात काही कमी पडलं असं मुळीच मनात आणू नका.

‘अस्सल लेदर’ या शिक्क्यावरून एवढंच कळतं की या वस्तूत कुठेतरी चामडं आहे. ते कातड्याच्या कुठल्या थराचं, किती जाड, त्यावर काय चढवलंय, यातलं काहीच त्यावरून समजत नाही. युरोपातल्या मानकानुसार वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपर्यंत असेल तरच त्या मालाला नुसतं लेदर म्हणता येतं; त्याहून जाड असेल तर तो लेप चढवलेला माल आहे असं सांगावं लागतं. इतका बारीक फरक दुकानात मोजता येत नाही, पण बोटांना कळतो. चामडं थोडं दुमडून अंगठ्यानं दाबा. पातळ लेपाच्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि घडीवर रंग जरासा बदलतो. जाड लेपावर एकच ठसठशीत घडी पडते किंवा काहीच उमटत नाही.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे कापलेली कड. बंदाचं टोक, बक्कलच्या पट्टीचं टोक, आतल्या खिशाचा काठ, कुठेतरी ती सापडतेच. चामड्याच्या कडेत एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात. नकली मालात खाली कापडाची वीण आणि वर प्लास्टिकची सरळ रेघ दिसते. सगळ्या कडा रंगानं झाकल्या असतील किंवा दुमडून शिवल्या असतील तर त्यात वाईट काही नाही, चांगले कारागीरही तसं करतात. मग त्याच चामड्याचा कापलेला तुकडा दाखवायला सांगा. काडी पेटवून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लेप असलेलं खरं चामडंही जळताना प्लास्टिकचा वास देतं, आणि माल तर खराब होतोच.

थरांचं थोडक्यात सांगते. जिथे केस उगवतात त्या वरच्या थराची वीण बारीक आणि दाट असते. तो जसाच्या तसा ठेवला तर फुल ग्रेन. वरून घासून, डाग काढून, रंगाचा लेप देऊन एकसारखा केला तर करेक्टेड ग्रेन. दुकानात बरेचदा यालाच टॉप ग्रेन म्हणतात. जाड कातडं आडवं चिरल्यावर खाली उरतो तो स्प्लिट, आणि ताण सहन करण्यात तोच सगळ्यात कच्चा. फुल ग्रेनचा आग्रह मी बंदांसाठी आणि तळासाठी धरेन. बाकी अंगाला नीट केलेलं करेक्टेड ग्रेनही चालतं. खडू, शाई आणि पावसाच्या थेंबांत वावरणाऱ्या शिक्षिकेला ते कदाचित जास्तच सोयीचं, कारण त्यावरचे डाग ओल्या फडक्यानं निघतात. स्प्लिट फक्त आतल्या खिशांपुरता ठीक. बंदात तो असेल तर सॅक तिथेच परत ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ सॅकमध्ये खांद्याच्या बंदाचं टोक पाठीच्या दोन तुकड्यांच्या मध्ये सरकवतात आणि वरून एक आडवी शिवण मारतात. बाहेरून ते फार नीटनेटकं दिसतं. पण लॅपटॉप, वह्या, बाटली, सगळा भार त्या एका शिवणीवर येतो. सुईनं पाडलेली भोकं एका ओळीत, अगदी शेजारी शेजारी असतात; टपाल तिकिटांच्या कागदावर असते तशी ती फाटायची रेघच तयार होते. तुमचा बंद मुळासकट आला, म्हणजे बहुधा दोरा तुटलेला नाही, चामडंच भोकांच्या ओळीत फाटलंय. त्यात भर म्हणजे सॅक एकाच खांद्यावर अडकवायची सवय. तेव्हा सगळं वजन एकाच जोडावर येतं, आणि बस पकडायला चार पावलं धावलात की त्या जोडाला बसणारा झटका नुसत्या वजनाहून कितीतरी मोठा असतो.

चांगल्या सॅकमध्ये हा भार पसरवलेला असतो. बंदाचं टोक शिवणीच्या आत तीन-चार सेंटीमीटर तरी गेलेलं असतं, त्याच्या मागे चामड्याचा किंवा जाड पट्ट्याचा आणखी एक थर असतो, आणि शिवण एकाच ओळीत न मारता चौकोनात, मधे फुलीसारखी मारलेली असते. काही ठिकाणी जोडीला रिव्हेट, म्हणजे आरपार ठोकून बसवलेली धातूची खीळ, असते. ती असणं चांगलं, पण एकट्या रिव्हेटवर विसंबलेला बंद मला पटत नाही. सगळा ताण एका भोकाभोवती येतो आणि ते भोक हळूहळू लांबट होत जातं. दुकानात हे तपासायचं तर सॅकमध्ये हात घाला आणि बंदाच्या मुळाशी अस्तरावरून चाचपा. जाड, कडक थर हाताला लागला पाहिजे. नुसतं अस्तर आणि त्यामागे लगेच चामडं एवढंच लागलं, तर तुमच्या दुसऱ्या सॅकची गत तिचीही होईल. मग दोन्ही बंद एका हातात धरून दुसऱ्या हातानं सॅकचा तळ खाली ओढा. जोडापाशी टाक्यांची भोकं डोळ्यांसारखी उघडताना दिसली तर घेऊ नका. विक्रेत्याला आवडणार नाही, तरी हे कराच.

खालचा जोडही बघा. बंद तळाशी जिथे येऊन मिळतो तिथे एक छोटी त्रिकोणी पट्टी बाजूच्या शिवणीत घातलेली असते. वरचा जोड मजबूत करणारे कारागीरही कधी कधी हिला विसरतात. आणि बंद स्वतः दोन थरांचा, मधे न ताणणारी पट्टी असलेला हवा. जनावराच्या पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. एकाच थराचा बंद पोटाकडच्या चामड्यातून कापला असेल तर काही महिन्यांत एक बंद दुसऱ्यापेक्षा लांब झालेला दिसतो.

टाके मोजायलाही मिनिटभर द्या. बॅगेच्या चामड्याला दोन टाक्यांत ३ ते ४ मिलिमीटर अंतर योग्य, म्हणजे इंचाला साधारण सहा ते आठ टाके. जितके दाट टाके तितकी शिवण पक्की ही समजूत कापडातून आलेली आहे. चामड्यात जास्त टाके म्हणजे जास्त भोकं. दोरा जाड आणि नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा घाम आणि ओलाव्यानं कुजतो. हातशिलाईचं कौतुक केलं जातं ते खरं आहे. तिच्यात एकाच दोऱ्याची दोन टोकं प्रत्येक भोकातून समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनची शिलाई एका जागी तुटली की पुढे उसवत जाऊ शकते. पण जोडाची रचनाच चुकलेली असेल तर हातशिलाईही सॅक वाचवू शकत नाही, आणि मशीनची उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून पुन्हा मारून घेता येते.

तळ एकाच तुकड्याचा, दोन्ही बाजूंना वर वळवलेला असेल तर उत्तम. जमिनीवर टेकतो त्या कडेला शिवण नको. अनेक सॅकच्या कडेनं गोल पायपिंग असतं, म्हणजे प्लास्टिकच्या दोरीवर गुंडाळलेलं पातळ चामडं. दिसतं छान, पण तळाच्या कोपऱ्यांवर झिजायला सुरुवात तिथूनच होते आणि आतली पांढरी दोरी बाहेर डोकावते. तळाला पायपिंग नसलेली सॅक मी केव्हाही पसंत करेन.

चेनबद्दल फार बोलायला नको. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची हवी. हा नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. ५ नंबरची चेन आतल्या खिशाला ठीक. चेन कोपऱ्यावर काटकोनात वळत असेल तर तिथे रनर रोज घासतो, वळण गोलसर हवं. बिघडतो बहुधा रनरच आणि तो बदलता येतो. पण पूर्ण चेन बदलायची वेळ आली तर तिची शिवण हाताला लागेल अशी आहे ना, हे आत्ताच बघून ठेवा. बक्कल आणि कड्यांना छोटं चुंबक लावून पाहा. चिकटलं तर वरून सोनेरी मुलामा असला तरी आत लोखंड आहे, मुलामा गेला की गंजेल. चिकटलं नाही तर पितळ किंवा जस्ताचं ओतीव असू शकतं. हातात जड लागतं ते बहुधा पितळ, आणि जस्ताचं ओतीव वाकण्याऐवजी एकदम तुटतं. आतलं अस्तर फिक्या रंगाचं आणि कापडी घ्या. अस्तराला प्लास्टिकचा लेप असेल तर पहिल्या सॅकचं दुखणं या वेळी आतून सुरू होईल.

क्रोमचं चामडं टिकत नाही हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांचा गैरसमज आहे. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं साधारण दिवसभरात कमावलं जातं. बाभळीची साल, हिरडा, ओक, मिमोसा यांच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यानं कमावायला आठवडे, कधी महिने लागतात. वेळ कमी लागला म्हणून माल कच्चा होत नाही. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं, बुटांचं तर मोठ्या प्रमाणावर. ते मऊ असतं, वजनाला हलकं पडतं, पाण्यात भिजण्याला आणि उष्णतेला जास्त दाद देत नाही. वनस्पतींनी कमावलेलं चामडं कडक, आकार धरून ठेवणारं असतं, वापरानं गडद आणि सुंदर होत जातं, आणि मला स्वतःला ते फार आवडतं. पण पाण्याचे थेंब त्यावर काळे डाग ठेवून जातात आणि ओलं असताना त्याला उष्णता सोसत नाही. तुमच्या सॅकमध्ये रोज ओली छत्री असते. क्रोमच्या कारखान्यांच्या सांडपाण्याची चिंता वाटून कुणी वनस्पतींचं चामडं निवडलं तर ती निवड मला समजते. टिकाऊपणाच्या नावाखाली मात्र ती करायला नको.

आणि तुमचा खांदा. दोन मिलिमीटर जाडीच्या चामड्याचा एक चौरस मीटर साधारण पावणेदोन ते दोन किलो भरतो, आणि लॅपटॉप मावेल अशा सॅकला बंद, खिसे, दुमडी धरून पाऊण ते एक चौरस मीटर सहज लागतं. म्हणजे जाडी वाढली की वजन कुठे लपत नाही. सॅकच्या अंगाला दीड ते दोन मिलिमीटर जाडी भरपूर झाली. त्याहून जाड चामडं पट्ट्याला आणि खोगिराला शोभतं. सॅकचं आयुष्य त्यानं वाढत नाही, कारण आधी सांगितलं तसं ती फाटते जोडापाशी. अडीच किलोची सॅक, त्यात दोन किलोचा लॅपटॉप, वह्या आणि भरलेली बाटली असं रोज पाठीवर घेतलंत, तर सहा महिन्यांत ती दाराआड टांगलेली राहील आणि तुम्ही जुनी कापडी पिशवी घेऊन निघाल. दुखऱ्या खांद्यावर एवढं ओझं घालू नका, असं मी अगदी कळकळीनं सांगते. बंद खांद्यावर टेकतो तिथे पाच-सहा सेंटीमीटर रुंद आणि काठाला मऊ हवा. दुकानात जाताना लॅपटॉप आणि वह्या सोबत न्या, सॅक भरून दोन्ही खांद्यांवर घ्या आणि दहा मिनिटं चाला.

कोणती घ्यायची ते सांगायचं झालं, तर चकचकीत सॅक बाद. देखणी, हातानं शिवलेली सॅक चांगली असेलही, पण तुमच्यासाठी नाही. तिसरी घ्या, बंदाच्या जोडाच्या परीक्षेला ती उतरली तरच. नाही उतरली तर थांबा, चौथी शोधा. त्यात काही बिघडत नाही.

थांबण्याचं आणखी एक कारण म्हणजे तुमची दुसरी सॅक. चामडं छान आहे असं तुम्हीच लिहिलंय. टाकली नसेल तर ती चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या. जोडापाशी अस्तर उसवून आतून चामड्याचं जाड ठिगळ लावायला सांगा, बंद फाटलेल्या ओळीच्या थोडा खाली, न फाटलेल्या चामड्यात चौकोनी शिवणीनं बसवायला सांगा, आणि दुसरा बंद शाबूत असला तरी त्यालाही तसंच करून घ्या, कारण त्याचा जोड पहिल्यासारखाच आहे. खर्च नव्या सॅकपेक्षा खूपच कमी येईल, आणि कदाचित तिसऱ्या सॅकची गरजच उरणार नाही.

नवी घेतलीत तर निगा सोपी आहे. चामड्याची सॅक पाणी पूर्ण अडवत नाही, शिवणीच्या भोकांतून ते आत येतंच, म्हणून लॅपटॉपला वेगळी पाणीरोधक पिशवी ठेवा. भिजली तर पुसून, आत साधा कागद भरून सावलीत वाळवा. उन्हात नको, हेअर ड्रायर तर नकोच. चार-सहा महिन्यांनी चामडं कोरडं वाटलं तर लेदर कंडिशनर अगदी थोडं लावा. जास्त लावलंत तर चामडं लेचंपेचं होतं आणि बक्कलची भोकं सैलावतात. स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन खवट वास येतो. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी धरेल. सुती कापडात गुंडाळा आणि अधूनमधून हवेवर काढा. पांढरी बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा आणि सावलीत दिवसभर हवा लागू द्या.

पैसे देण्याआधी पांढरा रुमाल किंचित ओला करून सॅकच्या पाठीवर आणि बंदांच्या आतल्या बाजूला दहा-बारा वेळा घासा. गडद रंगाच्या सॅकचा थोडा रंग सुरुवातीला निघू शकतो. रुमालावर फिकट छटा आली तर पहिले काही आठवडे फिक्या रंगाचे कपडे टाळा, आणि रुमाल सरळ रंगलाच तर दुसरा रंग मागा.